रिकामा चिमटा

"पण अक्का, तुम्ही माझं कार्ड नीट बघितलंत तरी का?"

"नाही गं. दिसलंच नाही अजून."

हेमांगीनं आधी अक्कांकडं बघितलं, मग कार्डाकडं. कार्ड अक्कांच्या नाकासमोर लटकत होतं. नाकासमोर म्हणजे अगदी नाकासमोर. जरा वारा सुटला असता तर त्याची लेस अक्कांच्या चष्म्याला घासली असती.

"हे काय, अक्का. हे!"

"हां… हे होय."

एवढंच. अक्कांनी मान खाली घातली आणि जुन्या कॅलेंडरच्या पानाला घडी घातली. त्यांचं पाकिटं करायचं काम चाललं होतं.

आता ह्या पद्माक्का कोण, ते सांगायला हवं. पद्माक्का उपाध्ये म्हणजे गडहिंग्लजच्या चित्रकलेच्या बाई. निम्म्या गावातल्या मुलींनी त्यांच्या हाताखाली मोर काढलेला. निवृत्त झाल्यावर बाईंना घरात बसवेना, म्हणून त्यांनी बायका जमवल्या आणि हातानं शुभेच्छांची कार्डं करायचा नाद लावला. दर महिन्याला एक विषय. शेवटच्या रविवारी दुपारी प्रत्येकीनं आपलं कार्ड घेऊन यायचं, अक्का ते घराच्या पुढच्या सोप्यातल्या दोरीला लाकडी चिमट्यानं लावणार, सगळ्या मिळून बघणार. बायका ह्याला 'अक्कांचं चॅलेंज' म्हणत. नंबर नाही, बक्षीस नाही. मान एकच, पुढच्या महिन्याचा विषय द्यायचा. तो कुणी द्यायचा हे अक्का ठरवत, आणि त्या मानासाठी बायका अक्षरशः जीव टाकत.

आणि हेमांगी नलवडेला दिवाळीपासून तो मान एकदाही मिळाला नव्हता.

हे तिला पटत नव्हतं. कसं पटेल? गावात कार्ड कापायचं यंत्र फक्त तिच्याकडं. शिक्के, मोती, रंगीत भुकट्या, कागदाला उठाव आणायच्या पट्ट्या, सगळं कपाटात हारीनं मांडलेलं. मोबाइलवर ती कुठल्या कुठल्या देशांतल्या बायकांच्या चॅलेंजमध्ये कार्डं पाठवायची, म्हणजे फोटो पाठवायची, आणि 'पहिल्या तिघींत' म्हणून बिल्ले मिळवायची. हात खरोखर सुंदर होता तिचा. खोटं कशाला बोला.

आणि आजचं कार्ड तर तिच्या हातून झालेलं सगळ्यात देखणं कार्ड होतं. ह्या महिन्याचा विषय होता 'बाळ'. तिनं बाबागाडी केली होती. गाडीची चाकं फिरत होती, छताला लेस, दांड्याला मोती, आत मऊ कापसाची गादी, गादीवर कागदाचं गोंडस बाळ.

"अक्का, स्पष्टच बोलते."

"बोल की."

"ही दोरी बघा. दोरीवर कुणाची कार्डं आहेत?"

अक्कांनी मान वर केली. दोरी सोप्याच्या ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत होती. चिमटे भरपूर. पण कार्डं लटकत होती ती फक्त हेमांगीची. दिवाळीचं, 'लवकर बरे व्हा'चं, लग्नाचं, संक्रांतीचं आणि आजचं बाबागाडीचं. बाकी सगळे चिमटे मोकळे.

"तुझीच आहेत," अक्का म्हणाल्या.

"बघा! बाकीच्या लावतात आणि दोन दिवसांत काढून नेतात. का नेतात?"

"का गं?"

"आता मी कसं सांगू… माझ्या कार्डाशेजारी आपलं टांगायला लाज वाटत असेल. मला वाईट वाटतं हो. पण मी तरी काय करू?"

अक्कांनी चष्मा काढला. पदरानं पुसला. पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले. हेमांगीला वाटलं, बाईंना ठसका लागला.

"पाणी आणू का?"

"नको… नको गं." अक्कांनी डोळे टिपले. "बस. उभी का? चहा टाकते."

"चहा नको. मला फोटो टाकायचाय, आजच शेवटची तारीख आहे."

"तू कधीच चहाला थांबत नाहीस."

खरंच होतं ते. हेमांगी यायची, कार्ड लावायची, चार बाजूंनी फोटो काढायची आणि पळायची. बाकीच्या थांबायच्या. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, पेनं निघायची. त्या वेळी सोप्यात काय चालतं ते हेमांगीनं कधी बघितलंच नव्हतं. आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण विचारलं असतं तर सांगितलं असतं ना!

आज मात्र सोपा रिकामाच होता. दुपार कलली तरी एकही बाई फिरकली नव्हती. हेमांगीला त्याचं बरंच वाटलं होतं, एकटीच आहोत तर आज सोक्षमोक्ष लावू म्हणून. पण आता तिच्या ध्यानात आलं, की अक्कांनी इरकल नेसलंय. घरात बसून पाकिटं करायला कुणी इरकल नेसतं का?

"कुठं निघालाय अक्का?"

उत्तर अक्कांना द्यावंच लागलं नाही. मागच्या गल्लीतून बायकांच्या हसण्याचा एक लोट आला, पाठोपाठ तान्ह्या बाळाच्या रडण्याचा आवाज. बारीक, चिडका, चांगला टणटणीत आवाज.

हेमांगीनं नजर फिरवली.

"कुणाचं गं बाळ ते?" अक्कांनी विचारलं. माहीत असून विचारलं, हे सांगायलाच नको.

"विजूच्या तृप्तीचं."

"आज बारसं ना?"

"असेल."

"असेल काय? तुला आमंत्रण नाही?"

"तृप्तीनं मेसेज केलाय… विजूनं नाही बोलावलं."

असं होतं बघा. विजू म्हणजे विजयमाला चौगुले. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, एका बाकावर बसलेल्या, एका डब्यातलं खाल्लेल्या. हेमांगीला अक्कांच्या सोप्यात आणलं ते विजूनंच. आणि दोन महिन्यांपूर्वी, विषय 'लग्न' होता तेव्हा, विजूच्या कार्डावर एक कागदी गुलाब निघाला. वळणावळणाच्या पाकळ्यांचा, मध्ये एक मोती. हुबेहूब हेमांगीचा गुलाब. हेमांगी भर सोप्यात म्हणाली होती, "विजू, निदान गुलाब तरी स्वतःचा लावायचास." विजूनं चिमटा काढला, कार्ड पिशवीत टाकलं आणि चपला घालून गेली. तेव्हापासून बोलणं बंद. दोघींची घरं पाठीला पाठ लागून, पण तोंड फिरवून जायच्या.

विजू आजी झाली, सगळी गल्ली बाळ बघून आली. हेमांगी गेली नाही. मात्र रोज संध्याकाळी भांडी घासताना त्या रडण्याकडं कान देऊन उभी राहायची. मग नळ बंद करायची, नीट ऐकू यावं म्हणून.

"बरं," अक्का म्हणाल्या, "काढ ते."

"काय?"

"बाबागाडी."

हेमांगीनं जपून चिमटा उघडला. कार्ड अक्कांच्या हातात दिलं. अखेर बाई बघतायत म्हटल्यावर ती जवळ सरकली.

अक्कांनी बोटानं चाक फिरवलं. "फिरतंय की!" त्यांनी दुसरं चाक फिरवलं. पुन्हा पहिलं. चांगला वेळ त्या चाकंच फिरवत बसल्या.

"छान आहे ना?" हेमांगीला राहवेना.

"कुणाचं आहे?"

"म्हणजे? माझं."

"तुझं बाळ तर पुण्यात नोकरीला आहे."

"तसं नाही हो! कार्ड मी केलंय."

"ते कळलं. पण आहे कुणाचं?"

"…कुणाचंही. बाळ झालेल्या कुणाचंही."

"कुणाचंही," अक्का म्हणाल्या. त्यांनी दोरीकडं बघितलं. "आणि ते दिवाळीचं?"

"तेही तसंच."

"आणि ते 'लवकर बरे व्हा'?"

"अक्का…"

"नाही, विचारते आपली. तो माणूस बिचारा वाट बघतोय की बरा झाला?"

हेमांगीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. रागावल्यावर हसलं की राग जातो, आणि तिला आज राग हवा होता.

अक्कांनी कार्ड उघडलं. आतलं पान कोरं, पांढरं शुभ्र. त्यांनी ते उलटंसुलटं करून बघितलं.

"आत काहीच नाही."

"आत कोण बघतं अक्का? फोटोत पुढचंच येतं."

"हं…"

"आणि खरं सांगू का? माझं अक्षर वाईट आहे. तुम्हाला माहितीय. म्हणून मी शिक्केच वापरते. एवढं देखणं कार्ड, त्यात माझं अक्षर उमटलं की सगळं मातेरं."

हे बोलताना तिचा आवाज खाली आला. शाळेत तिच्या वहीवर सगळे हसायचे, आणि ते तिला अजून लागायचं. एवढी कपाटभर हत्यारं तिनं जमवली ती कदाचित त्यासाठीच, हातानं लिहायची वेळच येऊ नये म्हणून.

अक्कांनी नुकतंच केलेलं एक पाकीट उचललं. मार्च महिन्याच्या पानाचं होतं. त्यात त्या बाबागाडी घालायला लागल्या.

"अक्का, अहो, चाक!"

"जाईल जाईल."

"नाही जाणार! अहो मोडेल!"

"मग मोठं घेऊ." त्यांनी दुसरं पाकीट घेतलं. दांडा अडकला. तिसरं घेतलं. छत अडकलं. हेमांगीचा जीव टांगणीला. तिनं झडप घालून कार्ड काढून घेतलं आणि लेकरू उचलावं तसं छातीशी धरलं.

"पाकिटात नाही मावायचं ते! त्याला चाकं आहेत!"

"मावत नाही ना?"

"नाही!"

"मग हातानं न्यावं लागणार," अक्का म्हणाल्या.

मागच्या गल्लीत बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. एक आवाज उंच, एक खाली, तिसरा भलतीकडंच. त्यात विजूचा आवाज हेमांगीनं बरोबर ओळखला. शाळेच्या प्रार्थनेतही तो असाच सगळ्यांच्या पुढं धावायचा.

हेमांगी उभी राहिली. हातात बाबागाडी. चाक अजून हळूहळू फिरत होतं.

"ती तोंड फिरवेल अक्का."

अक्कांनी उरलेली पाकिटं एकावर एक रचली.

"सगळ्यांसमोर फिरवेल. मी तिला सगळ्यांसमोर बोलले होते ना…"

अक्कांनी पुढ्यातलं पेन उचललं आणि तिच्यापुढं धरलं.

"काय लिहू? बाळाचं नाव पण माहीत नाही मला."

"आत्ता ठेवतायत. पळ."

"आणि तुम्ही? इरकल नेसलंय ना?"

"माझा चहा उकळतोय," अक्का म्हणाल्या. स्वयंपाकघरात गॅससुद्धा पेटलेला नव्हता.

हेमांगी गेली. गल्लीला वळसा घालेपर्यंत तिनं परत फिरायचं मनात आणलं आणि टाकलं, पुन्हा आणलं. विजूच्या दारात चपलांचा ढीग. त्यात तिच्या ओळखीच्या सगळ्या चपला. अक्कांच्या सोप्यात असायच्या त्या सगळ्या इथं. ती उंबऱ्यात उभी राहिली.

आणि मग तिला दिसलं.

पाळण्याच्या वरच्या दांडीला कार्डं लावली होती. ह्या महिन्याच्या विषयाची, आज अक्कांच्या दोरीवर न जाता थेट इथं आलेली सगळी कार्डं. सुमनचं वाकड्या झबल्याचं. शेवंतामामींचं मोजे चिकटवलेलं. कुणी बदक केलेलं, त्याचा एक पाय लांब, एक आखूड. आणि प्रत्येक कार्ड उघडं करून, आतलं पान पुढं करून लावलेलं. शाईनं भरलेली पानं. चित्रं भिंतीकडं, अक्षरं बाळाकडं.

म्हणजे मागचीही लाजेनं नव्हती नेली, ज्याची त्याला पोचवायला नेली होती…

हेमांगीचे कान गरम झाले. 'मला वाईट वाटतं हो,' असं आपण अक्कांना म्हणालो, हे आठवून तिला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. आणि त्याच क्षणी तिला इतकं हसू आलं, की तोंडावर पदर धरावा लागला. अगं बया, दिवाळीपासून आपण तिथं आपलीच न पोचलेली कार्डं मोजतोय आणि फुशारतोय!

"मृण्मयी!" आत आत्यानं बाळाच्या कानात कुजबुजायचं ते भल्या मोठ्यानं सांगितलं. बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. हसण्याचा नुसता कल्ला. त्या गडबडीत विजूनं मान वर केली, आणि तिला दारात हेमांगी दिसली.

गडबड थांबली. सुमननं उगारलेला हात तसाच वर राहिला.

माफी मागायची हे हेमांगीनं वाटेतच ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मृण्मयी? एवढं अवघड नाव? माझ्या अक्षराचा तरी विचार करायचा!"

कुणी हसलं नाही. विजू बघत राहिली.

हेमांगी तिथंच उंबऱ्यात बसली. कार्ड मांडीवर उघडलं, पेनचं टोपण दातानं काढलं आणि लिहायला लागली. सगळ्या गल्लीसमोर. म वर चढला, ण घसरला, यी कागदाच्या कडेला जाऊन कशीबशी थांबली. तिनं खाली अजून एक ओळ लिहिली आणि कार्ड पुढं केलं.

विजूनं ते घेतलं. चाकांकडं, लेसकडं तिनं बघितलंही नाही. आत बघितलं.

"काय गं हे?"

"वाच."

"मुंग्या चालल्यात नुसत्या."

"वाच ना विजू. शाळेत तूच वाचून दाखवायचीस."

विजूनं कार्ड लांब धरलं, जवळ घेतलं. "मृण्मयीला… उशिरा आलेल्या… हेमाआज्जीकडून." तिचा आवाज 'आज्जी'वर अडकला. "मुडदा बशिवला तुझ्या अक्षराचा," ती म्हणाली, आणि रडायला लागली, आणि रडता रडता हसायला लागली. हेमांगीचंही तेच. आता ह्यातलं रडणं किती आणि हसणं किती, ते विचारू नका.

"चुकलं गं माझं," हेमांगी म्हणाली. "गुलाबाचं."

"गुलाब तुझाच होता."

"असू दे."

"मामशी," पलंगावरून तृप्ती म्हणाली. मावशीला ती लहानपणापासून मामशीच म्हणायची. "माझ्या लग्नात मांडवाला तू गुलाब केले होतेस ना? आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मीच आईला सांगितलं, तसलाच गुलाब कर. पोटात बाळ, बंगळूरला एकटी, मला इथली आठवण येत होती. आईनं चार रात्री घालवल्या. तिला तुझ्यासारखा जमेना."

"जमला होता," हेमांगी म्हणाली. "चांगला जमला होता. म्हणून तर राग आला मला."

मग विजूनं बाळ तिच्या मांडीवर दिलं. बाळ रडून दमलं होतं. त्यानं कार्डाची लेस मुठीत धरली आणि सोडेना. सोडवायला गेले तर चाक निखळलं, टुणकन उडालं आणि पलंगाखाली गेलं.

"अगंबाई, मोडलं!" सुमन ओरडली.

"मोडू दे," हेमांगी म्हणाली. तिनं लेससुद्धा सोडवली नाही. बाळाच्या लाळेनं मोती भिजला, तोही तिनं बघितला आणि तिला जे वाटलं ते आजवरच्या कुठल्या बिल्ल्यानं वाटलं नव्हतं. ती आत्याजवळ गेली आणि राहिलेला आपला धपाटा घालून आली.

संध्याकाळी ती अक्कांच्या सोप्यात आली तेव्हा तिच्या एका हातात घुगऱ्यांचा डबा होता, दुसऱ्या हातात विजूचा हात. पायात एक चप्पल तिची होती आणि एक शेवंतामामींची. अक्का तशाच बसल्या होत्या, इरकल नेसून. समोर तीन कप चहा. ह्या वेळी खरोखरचा, वाफाळता.

"घुगऱ्या," हेमांगी म्हणाली. "नाव मृण्मयी ठेवलं. तुम्ही का नाही आलात?"

"सकाळीच जाऊन आले की मी. इरकल कशाला नेसलं होतं मग?"

विजू फिस्सकन हसली. हेमांगीनं दोघींकडं आळीपाळीनं बघितलं. 'बाळ' हा विषय ह्या महिन्यात कसा काय आला, हे आत्ता कुठं तिच्या डोक्यात उजाडायला लागलं होतं.

"अक्का, हा विषय दिला कुणी होता?"

"चहा घे," अक्का म्हणाल्या.

"विजू, तू?"

"गार होतोय चहा," विजू म्हणाली.

हेमांगी बसली. त्या सोप्यात पहिल्यांदाच बसून चहा प्यायली. आलं जरा जास्तच होतं, पण तिनं अजून अर्धा कप मागून घेतला. पुढचा विषय कोण देणार हे विचारायचं तिला आठवलंच नाही. फोटोची तारीख टळून गेली, तेही आठवलं नाही.

मग ती उठली आणि दोरीपाशी गेली. 'लवकर बरे व्हा' काढलं. "आमच्या आत्याबाईंचा पाय अजून प्लास्टरमध्ये आहे," ती म्हणाली. लग्नाचं काढलं. "हे आम्हालाच ठेवते. ह्यांना आत दोन ओळी लिहिते, बघू वाचता येतात का." संक्रांतीचं हातात घेऊन ती जरा थबकली.

"फाल्गुनात संक्रांतीचं कार्ड कुणाला द्यायचं आता?"

"मला दे," विजू म्हणाली. "संक्रांतीला तू तिळगूळ दिला नाहीस. वाट बघत होते मी."

हेमांगीनं अक्कांचं पेन उचललं आणि तिथंच आत लिहिलं. लिहिताना ह्या वेळी ती अडखळली नाही. अक्षर मात्र तसंच आलं, मुंग्यांचं.

दिवाळीचं कार्ड तिनं पिशवीत टाकलं, पुण्याच्या पोराला. कार्तिकातलं असलं म्हणून काय झालं, आईचं आहे.

दोरी रिकामी झाली. ह्या खांबापासून त्या खांबापर्यंत नुसते चिमटे. मधला एक, बाबागाडीचा, दोरीबरोबर जरा हलत होता.

अक्कांनी चष्मा काढला. पदरानं नीट पुसला. पुन्हा घातला. उठून दोरीजवळ आल्या आणि त्या हलणाऱ्या चिमट्यासमोर उभ्या राहिल्या, अगदी नाकासमोर धरून. डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. खूप वेळ बघितलं…

"अगंबाई हेमांगी," त्या म्हणाल्या, "किती सुरेख झालंय गं तुझं कार्ड!"